आधी कर, मग सांग

आमच्या घरात शांतता नावाची वस्तू कधी टिकलीच नाही. खाली माझी लाँड्री, वर दोन खोल्या, आणि त्या खोल्यांतून सकाळपासून आमच्या लेकीचा आवाज जिन्यावरून घरंगळत खाली गिऱ्हाइकांच्या अंगावर येत असतो. "बाबा, आता मी लंब टाकते. टाकला. डाव्या हाताला जो त्रिकोण झालाय ना, तो एकदम सडपातळ आहे, समोरच्या काकूंसारखा." आणि समोरच्या काकू नेमक्या तेव्हाच माझ्यापुढे चादरी न्यायला उभ्या. अगं, जरा हळू बोल, असं मी किती वेळा ओरडले असेन. ऐकेल तर शपथ. गिऱ्हाइकांनी तिचं नाव रेडिओ ठेवलं. तिला त्याचं काही नाही. कुणी खालून रेडिओ म्हणून हाक मारली की वरून विचारते, "कुठलं स्टेशन लावू?"

हे सगळं मास्तरांचं काम. मास्तर म्हणजे माझा नवरा. नोकरी काही त्यांनी मास्तरकीची केली नाही. ते जमिनी मोजायचे, उन्हातान्हात डोंगरउतार पालथे घालायचे, संध्याकाळी नकाशे काढत बसायचे. मग डोळ्यांचं दुखणं लागलं. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलं, मग सगळंच. त्याच सुमाराला लेकीच्या खुब्यात काहीतरी निघालं आणि डॉक्टरांनी तिला कंबरेपासून प्लास्टरमध्ये घातलं. तेव्हा ती बारा वर्षांची होती. एक अंथरुणाला खिळलेली, एक अंधाराला. मी खाली इस्त्री फिरवायची आणि वरून काहीच आवाज येत नाही म्हणून आणखी जोरात फिरवायची.

एक दिवस वर गेले तर दोघांचं कडाक्याचं भांडण चाललेलं. कशावरून, तर अपूर्णांकावरून. ती म्हणत होती, पुस्तकात असंच दिलंय. हे म्हणत होते, नीट वाच, मोठ्याने वाच, काय काय लिहिलंय ते सगळं सांग. ती वैतागून म्हणाली, "सगळं काय सांगायचं?" तर म्हणाले, "तू बोल. म्हणजे मला दिसेल."

मी तशीच मागे फिरले आणि जिन्यात बसून रडले. घरात कुणीतरी भांडतंय याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

तिथून त्यांची घरशाळा सुरू झाली. प्लास्टर निघालं, ती चालायला लागली, डावा पाय जरा ओढत पण चालायला लागली, तरी शाळेत परत जायचं नाव दोघांपैकी कुणीच काढेना. मग शिक्षण कार्यालयात खेटे घातले ते मी. घरी शिकवायला परवानगी मिळाली. वर्षातून एकदा तिकडे जाऊन परीक्षा द्यायची आणि एकदा त्यांचा माणूस घरी येऊन बघून जाणार. पहिल्या वर्षी जे गृहस्थ आले ते माझ्या कपड्यांच्या ढिगांकडे बघून नाक मुरडतच जिना चढले. नंतर तिच्याकडून उतारावरच्या जमिनीचं गणित ऐकत असे काही रमले की त्यांची बस चुकली. मीच त्यांना चहा देऊन वाटेला लावलं.

शिकवण्याची तऱ्हा एकच. तिने हाताने करायचं आणि तोंडाने सांगायचं. पेन कुठे टेकवलं, रेघ किती लांब गेली, कुठे खोडलं, का खोडलं, सगळं. एखादी पायरी सांगायची राहिली की मास्तर टेबलावर बोट वाजवायचे. "मी रस्त्यात उभा आहे," म्हणायचे, "हात धर." मग ती मागे येऊन राहिलेली पायरी सांगायची. प्रयोगसुद्धा तसेच. माझ्या दुकानातला धुण्याचा सोडा, स्वयंपाकघरातलं व्हिनेगर, आणि लाल कोबी उकळून काढलेलं पाणी. थेंब थेंब घालत ती सांगणार, "जांभळं आहे, बाबा. अजून जांभळंच. आता निळसर. आता हिरवट, शेवाळ्यासारखं." आणि मास्तर मान वर करून ऐकत असायचे. त्यांचा चेहरा बघितला की मला वाटायचं, या माणसाला माझ्यापेक्षा जास्त रंग दिसतायत.

तिला पुढे औषधं बनवायचं शिकायचंय. प्लास्टरमध्ये पडल्या पडल्या तिने गोळ्यांच्या डब्यांवरची नावं पाठ केली होती, तेव्हापासूनचं हे वेड.

आणि घोडं अडलं ते तिथेच. शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांचा नियम वेगळा निघाला. घरी शिकणाऱ्या मुलांनी विज्ञानाचे प्रयोग मान्यता असलेल्या केंद्रात, पूरक वर्गाला जाऊन करायचे. तिथली चाचणी पास व्हायचं आणि तिथल्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांच्या सहीचा दाखला आणायचा. दाखला नाही तर शेवटच्या परीक्षेला बसता येणार नाही, आणि परीक्षा नाही तर औषधांचं कॉलेज विसरा. मी मास्तरांना नियम वाचून दाखवला. 

"म्हणजे आपल्या कोबीला मान्यता नाही," म्हणाले.

"नाही," मी म्हणाले.

"जाऊ दे तिला. खरी काच हाताळू दे. माझ्याकडे काय आहे, लोणच्याच्या बरण्या." हसून म्हणाले, पण त्यांचा हात टेबलावरून फिरत होता, एखाद्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

लेक पूरक वर्गाला जाऊ लागली आणि अहो, काय सांगू, तिला पंख फुटले. केंद्र तीन गल्ल्या सोडून, एका जुन्या शाळेच्या तळमजल्यावर. परत आली की चप्पल काढायच्या आधी सुरू. मास्तरही खोदून खोदून विचारायचे. खिडक्या कुठल्या बाजूला, टेबलं किती रुंद, नळ कुठे, दोन मुलांमध्ये अंतर किती. बसल्या जागी त्यांनी ती प्रयोगशाळा मोजून काढली. ती एखादं भांडं सांगायला विसरली तर हे सांगायचे, "आणि तो पाण्याचा पिंप? त्याला वळसा घालून गेलीस ना?" मला कधीकधी वाटायचं, वर्गात नाव कुणाचं घातलंय, तिचं का यांचं.

मग चाचणीचा दिवस आला. त्या दिवशी ती घरी आली आणि रेडिओ बंद.

"कशी झाली?" मास्तरांनी विचारलं.

"झाली," म्हणाली, आणि हातपाय धुवायला गेली ती बाहेरच येईना.

दुसऱ्या दिवशी मला केंद्रातून फोन. प्रयोगशाळेच्या बाईंनी भेटायला बोलावलं होतं. मी मास्तरांना दुकानाचं काम आहे म्हणून सांगितलं, शटर अर्धं ओढलं आणि लेकीला घेऊन निघाले. वाटेत तिला हजारदा विचारलं, काय झालं. तोंडात मिठाची गुळणी.

प्रयोगशाळेच्या बाई किडकिडीत, पांढरा कोट घातलेल्या, आवाज असा की कापडाला घडी पडावी. त्यांनी माझ्यापुढे दोन पेपर ठेवले. एक माझ्या लेकीचा, एक तिच्या शेजारच्या चष्मेवाल्या मुलाचा. दोन्हीत आकडे तेच. एका ठिकाणी तिने काचेच्या नळीवरची रेघ चुकीची वाचली होती, तर त्याचीही तीच रेघ तशीच चुकलेली.

"मुलगा म्हणतो, हिने सांगितलं. मीही ऐकलं. पूर्ण वेळ हिचे ओठ हलत होते. हिला विचारलं तर ही काही बोलत नाही," बाई म्हणाल्या. "चाचणीत उत्तरं सांगणं म्हणजे कॉपी. मी दाखल्यावर सही कशी करू, तुम्हीच सांगा."

माझ्या नाकावर राग कायम बसलेलाच असतो, तो उठला. माझी मुलगी आणि कॉपी? ही मुलगी सापशिडीत सुद्धा सापाच्या तोंडात मुकाट जाते. मी तोंड उघडणार तेवढ्यात लेकीने टेबलाखाली माझा हात घट्ट धरला. मी तिच्याकडे बघितलं. ती मान हलवत होती. नको म्हणून.

आणि मग लख्ख उजेड पडला माझ्या डोक्यात. ओठ हलत होते. अगं बाई, तिचे ओठ कधी हलत नाहीत? ती काय त्या चष्मेवाल्याला सांगत होती थोडीच. ती मास्तरांना सांगत होती. मास्तर तिथे नव्हते, एवढंच.

मी लेकीला बाहेर पाठवलं आणि बाईंना सगळं सांगून टाकलं. मला नाही जमत पोटात ठेवायला. घर सांगितलं, प्लास्टर सांगितलं, मास्तरांचे डोळे सांगितले, सोडा आणि कोबी सांगितला. बाई ऐकत होत्या. मधे एकदा त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"माझा विश्वास आहे तुमच्यावर," शेवटी म्हणाल्या. "पण शेवटच्या परीक्षेला परीक्षक बाहेरून येतो. त्याला हे कोण सांगणार? मागच्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी नुसती स्वतःशी पुटपुटली, तर तिचा पेपर रद्द झाला. मी हात जोडले, काही उपयोग नाही. मी सही केली आणि हीही तिथे बोलली, तर सगळंच हातचं जाईल. चाचणी मी परत घेते, पुढच्या पंधरवड्यात. पण चकार शब्द नाही. ओठ हलला तरी मी थांबवणार."

भांडायला गेले होते, पण यात भांडण्यासारखं काही सापडेना. मी उठले.

बाहेर लेक पायरीवर बसली होती. "सांगितलंस ना त्यांना?" म्हणाली.

"सांगितलं. मग काय मूग गिळून बसू?"

"बाबांना सांगायचं नाही, आई." आणि मग तिला रडू फुटलं. "त्यांना वाटेल, त्यांनी शिकवलं म्हणून हे असं झालं. त्यांना वाटेल, त्यांनी मला बिघडवलं. मग ते शिकवायचे बंद होतील. तू शपथ घे."

मी कसली शपथ घेते. पण नाही सांगणार, एवढं म्हणाले.

त्या दिवसापासून घरात जे सुरू झालं ते देवा कुणाच्या घरी नको. ती टेबलापाशी बसून मुकाट्याने काम करू लागली. ओठ दातांत धरून. मास्तर समोर बसलेले. सुरुवातीला त्यांना वाटलं, थकली असेल. त्यांनी बोट वाजवलं. "मी रस्त्यात उभा आहे." ती म्हणाली, "बाबा, आज मला एकटीने करून बघायचंय." बरं म्हणाले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मास्तरांनी बोट वाजवायचं सोडून दिलं. नुसते बसून राहायचे, हात मांडीवर, मान जरा वाकडी करून, फलाटावर कुणाची तरी वाट बघत बसल्यासारखे. आणि तिचंही काही धड होत नव्हतं. बोलल्याशिवाय तिचा हात चालेना. थेंब जास्त पडायचे, रंग भसकन गडद व्हायचा, आणि ती ते पाणी गुपचूप मोरीत ओतून यायची.

गिऱ्हाइकं मला विचारायला लागली, रेडिओ बिघडला का. मी म्हणायची, सेल संपलेत.

एका दुपारी लेक वर्गाला गेली होती. मास्तर खाली येऊन माझ्याजवळ बसले. उशांचे अभ्रे घड्या घालायला मी त्यांच्या हातात देते, ते त्यांना छान जमतं, कोपऱ्याला कोपरा लावून. दोन अभ्रे झाले, आणि मग तिसरा हातात तसाच धरून म्हणाले, "अगं, ती माझ्यावर रागावली आहे का?"

"कोण?"

"तिला आता तिथे चांगल्या शिकवणाऱ्या बाई मिळाल्या. बरंच झालं. पण रागावली असेल तर मला कळायला हवं. माझं काय चुकलं ते तरी कळायला हवं. तिच्या बोलण्याशिवाय मला दुसरं काही..."  अभ्रा चुरगळला होता. मास्तरांच्या हातात कधी कापड चुरगळत नाही.

गेली माझी ती कबुली उडत. मी इस्त्री उभी केली आणि सांगून टाकलं. पेपर, चष्मेवाला, हलणारे ओठ, सगळं.

ते ऐकत राहिले. आणि मग नेमकं तेच म्हणाले जे ऐकायची लेकीला भीती होती. "म्हणजे माझ्यामुळे."

"हो, तुमच्यामुळे," मी म्हणाले. माझा आवाज चढलाच. "तुमच्यामुळे ती अंथरुणात पडून भिंतीकडे बघत बसली नाही. तुमच्यामुळे ती हसते, तुमच्यामुळे तिला कॉलेजला जायचंय, आणि हो, तुमच्यामुळे ती तोंडाने बडबडते. आता ते सगळं घ्या आणि एक बडबड काढून टाका. शिकवलंत ना? मग तेही शिकवा. रडत काय बसलात?"

रडत मीच होते. ते हसायला लागले. अभ्रा मांडीवर ठेवून तो हाताने सपाट करत बसले, बराच वेळ.

लेक आली तेव्हा मास्तर वर टेबलापाशी बसले होते. बरण्या मांडून ठेवलेल्या. "मला आईने सांगितलं," म्हणाले. तिने माझ्याकडे असं काही बघितलं की मी जिन्याकडे सरकले. "तिच्यावर नंतर चिडू, दोघं मिळून. आधी इकडे ये. आजपासून नवा नियम. आधी कर, मग सांग."

"म्हणजे?"

"करताना एक शब्द नाही. मी इथेच बसतो. झालं की पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगायचं, एकही थेंब न गाळता. लक्षात ठेवावं लागेल मला सांगायचं म्हणून. बोलायचंच आहे, फक्त उशिरा."

"पण तोपर्यंत तुम्हाला काहीच दिसणार नाही," ती म्हणाली.

"मला थांबता येतं," मास्तर म्हणाले.

खोटं साफ. त्या माणसाला थांबता अजिबात येत नाही. ती काम करत असायची आणि हे खुर्चीची कड धरून बसायचे, जणू ती खुर्ची पळून जाणार आहे. एकदा काचेवर काच आपटली तर उठून उभेच राहिले. पण विचारलं नाही. ओठ मिटून परत बसले. मी दारातून बघत होते, आणि मला दोघांपैकी जास्त माया कुणाची वाटत होती ते माझं मलाच सांगता आलं नसतं. मग ती म्हणायची, "झालं, बाबा," आणि धरण फुटावं तसं सगळं बाहेर. पहिल्यांदा निम्मं विसरली. मग कमी विसरू लागली. रंग अजून गडद व्हायचा. मग कधी व्हायचा, कधी नाही.

परत घेतलेल्या चाचणीच्या दिवशी ती पुढे गेली आणि दार लागल्याबरोबर मास्तर चप्पल शोधायला लागले.

"तुम्ही कुठे?"

"मला घेऊन चल. लांब बसेन. तिला कळणार नाही."

शटर पुन्हा अर्धं. माझ्या दुकानाचं काय होणार ते देव जाणे.

त्या जुन्या शाळेच्या आवारात प्रयोगशाळेच्या खिडक्यांसमोर एक झाड आहे आणि झाडाखाली एक बाक. मास्तरांना तिथे बसवलं. खिडक्या बंद होत्या, आतल्या ज्योती विझू नयेत म्हणून, पण काच स्वच्छ होती. लेक आम्हाला पाठमोरी, जरा तिरकी, खिडकीजवळच्याच टेबलाशी. चष्मेवाल्याला बाईंनी दुसऱ्या टोकाला नेऊन उभं केलं होतं.

"काय करतेय?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"काही नाही. उभी आहे."

"उभी म्हणजे कशी?"

"उभी म्हणजे उभी, अहो. माणूस उभं असतं तशी."

"असं नाही." त्यांनी माझं मनगट धरलं. "तू बोल. म्हणजे मला दिसेल."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी मला कधी म्हटलं नव्हतं. म्हणायला हवं होतं, असंही मला कधी वाटलं नव्हतं. मला त्यातलं काय कळतंय. माझा सोडा फक्त त्यांच्या कामाला जायचा. पण मनगटावरचा हात गार पडला होता.

"बरं," मी म्हणाले. "ती लांब उभी नळी आहे ना, खाली तोटी असलेली."

"ब्युरेट."

"तीच. ती धुतली तिने. आता त्यात ओततेय काहीतरी. सावकाश. सांडलं नाही. वाकून बघतेय. डोळा अगदी रेघेच्या समोर आणलाय, पाय वाकवून. दुखत असणार पाय, पण वाकलीय."

"मागच्या वेळी तिथेच चुकली. बरं केलं. मग?"

"मग तिने लिहिलं. आता ती बुडाला पसरट आणि वर निमुळती बाटली घेतली. त्यात पाणी आहे. पाणी नसेल ते, तुमचं काय ते असेल."

"आम्ल. रंग दाखवणाऱ्या दर्शकाचे थेंब घातले का?"

"छोट्या बाटलीतून घातलं काहीतरी. काही रंग आला नाही."

"एवढ्यात यायचा नाही. शेवटी फिकट गुलाबी आला आणि टिकला की जमलं. आता तोटी उघडेल. डाव्या हाताने."

"उघडली. डाव्याच. उजव्याने बाटली गोल गोल फिरवतेय." आणि मी थांबले.

"काय झालं?"

बाई तिच्या बाजूने चालत येत होत्या. आणि लेकीचा गाल हलत होता. मला अर्धाच दिसत होता तो, पण मी आई आहे, मला कळतं. शब्द आले होते तिच्या तोंडाशी. बाई थांबल्या. 

"अगं, बोल ना."

"ओठ," मी म्हणाले. "थांबा." लेकीने मान खाली घातली, खालचा ओठ दातांत धरला, आणि खांदे एकदा वर होऊन खाली आले. बाई क्षणभर तिथेच उभ्या राहिल्या. मग पुढे गेल्या. "मिटले. मिटले ओठ. गेल्या बाई."

मास्तरांनी श्वास सोडला. "आता थेंब थेंब सोडत असेल."

"हो. एक सोडते, फिरवते, बघते. परत एक. पाणी तसंच आहे. एका जागी जरासं गुलाबी होतंय आणि जातंय. परत झालं. गेलं. आता गेलं, पण हळू गेलं."

"जवळ आली," मास्तर म्हणाले. ते बाकावरून निम्मे उठले होते. "आता घाई नको करू, बाळ. आता नको."

"अजून एक सोडला. फिरवतेय. बाटली उजेडाकडे धरली, खिडकीकडे." ती आमच्याकडे वळली तशी मी मास्तरांना घेऊन झाडाआड झाले. "गेला नाही. रंग गेला नाही, अहो. राहिला."

"किती गुलाबी? गडद का?"

आता हे मी कसं सांगायचं. आणि मग मला सुचलं, कारण त्या गुलाबीपायी मी जन्मभर गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्यात. "पांढऱ्या चादरींत चुकून एखादा लाल मोजा जातो ना, आणि पुढे सगळ्या चादरी गुलाबट होतात. तेवढा. गिऱ्हाइकाला पटकन कळत नाही, मला कळतं. तेवढाच."

मास्तर मोठ्याने हसले आणि मग त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात दाबला. "थांबली का? तोटी बंद केली?"

"बंद. हात काढून घेतला. लिहितेय."

ते बाकावर बसले.  त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्या डोळ्यांना दिसायचं बंद झालं असलं तरी हे काम काही बंद झालेलं नाही. मी पदराने पुसलं.

वर्ग सुटला. मुलं बाहेर पडली, चष्मेवाला आमच्याकडे बघत बघत गेला. सगळ्यात शेवटी लेक आली, पाय ओढत, आणि आम्हाला बघून जागीच थबकली.

"बाबा? तुम्ही कधी आलात?"

"हे काय, आत्ताच," मास्तर म्हणाले.

"कधीचे तर..." मी सुरू केलं, तर त्यांनी माझं मनगट असं दाबलं की मी शब्द गिळला. त्यांनी बाकावर हात थोपटला. "बस इथे. आधी केलंस ना? आता सांग. मला काहीच माहीत नाही. पहिल्यापासून."

ती बसली. एक दीर्घ श्वास घेतला, आणि सुरू झाली. "बाबा, आधी ब्युरेट धुतली. मग भरली. मग वाकून रेघ बघितली, यावेळी डोळा नीट समोर आणून." मास्तर मान वाकडी करून ऐकत होते. "मग?" म्हणत होते. "अरे वा. मग?" खोटं बोलायला इतका निष्णात माणूस मी बघितला नाही. तिचा आवाज चढत चढत गेला, आवारातली माणसं वळून बघायला लागली, आणि माझ्या तोंडी नेहमीचं आलंच, अगं, जरा हळू. तेवढ्यात प्रयोगशाळेच्या बाई दाराला कुलूप लावून पायरीवर आल्या. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

"सही झाली आहे," म्हणाल्या. "बोलू द्या तिला."

"आणि रंग?" मास्तर लेकीला विचारत होते. "रंग कसा आला ते सांग."

ती क्षणभर थांबली, शोधायला लागली, कशासारखा ते. मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही.